आतषबाजीला बसायचं कुठे

बॅटरीकाकांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: दाखवलेल्या जागी बसणारी आणि न बसणारी. दुसऱ्या प्रकारचीच पैदास जास्त. हे ज्ञान त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. उभी हयात ते एका सिनेमा थिएटरात डोअरकीपर होते. अंधारात बॅटरी मारून लोकांना जागा दाखवायची, समोरच्या खुर्चीवर टाकलेले पाय खाली उतरवायचे, आणि दोन रुपये जास्त दिल्यासारखा चेहरा करून पुढे सरकणाऱ्याला कॉलर न धरता मागे आणायचं, हे त्यांचं काम. पुढे थिएटर बंद पडलं, तिथे फर्निचरचं दुकान आलं आणि काका घरी बसले. पण बॅटरी आणि बॅटरीवरून पडलेलं नाव, दोन्ही त्यांना चिकटून राहिली. घरी पाहुणा आला की "या, बसा" एवढ्यावर त्यांचं भागत नसे. "तिथे नको, तिथे पंख्याचा वारा लागत नाही. इथे या." पाहुणा बिचारा कप हातात घेऊन उठे. स्वयंपाकघरातून काकू म्हणत, "तिकीट फाडून अर्धं त्यांच्या हातात द्या, म्हणजे काम पुरं झालं."

अशा माणसाला जावई मिळाला तो दातांचा डॉक्टर. माणूस गुणी, हाताने हलका, बोलायला गोड. एक खोड होती ती लग्नानंतर कळली. त्याला शोभेच्या दारूकामाचा भयंकर नाद. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला नगरपालिकेची रीतसर परवानगी काढून हा घरामागच्या लांबलचक आवारात आतषबाजी करायचा, आणि नातेवाईक, शेजारी, बरे झालेले पेशंट अशा सगळ्यांना बोलवायचा. "दिवसभर लोकांना 'आ' करायला लावून यांचं पोट भरत नाही," काका म्हणत. "संध्याकाळीही लोकांनी 'आ' केलाच पाहिजे."

पहिल्या वर्षी प्रेक्षक वाटेल तिथे बसले होते. विहीणबाईंना मुलाचं कौतुक जवळून पाहायचं होतं, म्हणून त्यांनी खुर्ची ओढत ओढत थेट भुईनळ्यांशी सलगी केली. जावईबापूंनी शॉटचा एक डबा मोकळ्या मातीवर नुसताच ठेवला होता. त्याला ना विटांचा आधार, ना वाळूचा. तो दुसऱ्याच धक्क्याला कलंडला आणि आकाशात फेकायची फुलं पाहुण्यांकडे फेकायला लागला. नशीब बलवत्तर, कोणाला इजा झाली नाही. विहीणबाईंच्या कोऱ्या शालीला मात्र भोक पडलं, आणि एक गृहस्थ टेबलाखाली शिरले ते आइस्क्रीम वाटून झाल्यावरच बाहेर आले. सगळे सैरावैरा धावत असताना काका खुर्चीवर चढून गरजले, "धावायचं नाही! रांगेने मागे व्हा!" आणि नवल म्हणजे लोक रांगेने मागे झाले. त्या दिवसापासून प्रेक्षकांपुढे दोरी बांधायची आणि दोरीपलीकडचं राज्य जावईबापूंचं आणि दोरीअलीकडचं काकांचं, अशी वाटणी होऊन गेली.

ही दोरी म्हणजे कपडे वाळत घालायची साधी दोरी. प्रेक्षकांनी किती लांब बसावं ते दारूकामाच्या खोक्यांवर मीटरमध्ये छापलेलं असे. काकांना मीटर समजत होते, पण पटत नव्हते. त्यांनी सगळा हिशेब थिएटरात बसवून घेतला. भुईनळा म्हणजे स्टॉलची मधली रांग. बाण म्हणजे बाल्कनी. आकाशात उमलणारी फुलं म्हणजे बाल्कनीच्याही मागे, थिएटराची भिंत फोडून पलीकडच्या रस्त्यावर. जमिनीवर काय किंवा आकाशात काय, दोरी मात्र सर्वात लांबच्या मापाने बांधायची. वारा प्रेक्षकांच्या पाठीवर हवा. तो फिरला तर सगळ्या खुर्च्या उचलून उलट्या बाजूला मांडायच्या, मग खांदे भरून आले तरी बेहत्तर. झाडाखाली कोणी बसायचं नाही. जे पेटलं नाही त्याच्यावर वाकून बघायचं नाही, जावई असला तरी नाही. ते तसंच पडू द्यायचं आणि बऱ्याच वेळाने बादलीभर पाण्यात बुडवायचं.

लोकांनी पहिल्यांदा खूप कुरकुर केली. एवढ्या लांबून काय डोंबल दिसणार, म्हणाले. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "पहिल्या रांगेत बसून सिनेमा पाहिलायत कधी? हिरोच्या नाकपुड्या दिसतात, हिरो दिसत नाही." मग आतषबाजी सुरू झाली की लोकांच्या लक्षात येई, मान आखडत नाही, डोळ्यांत धूर जात नाही, फूल उमलतं तेव्हा अख्खं दिसतं. पण जग कृतघ्न असतं. घरी जाताना लोक जावईबापूंना म्हणत, "काय सुंदर!" आणि काकांकडे बघून आपापसात म्हणत, "काय कटकट!"

एकाच माणसासाठी काका स्वतःची शिस्त थोडी वाकवत. ती म्हणजे त्यांची मोठी बहीण, ताई. ताईंनी जन्मभर शिवणाचे वर्ग चालवले, लग्न केलं नाही, आणि भाऊ शाळेत गटांगळ्या खाऊन घरी बसला तेव्हा थिएटरच्या मॅनेजरच्या बायकोचे कपडे शिवता शिवता त्याची तिथे वर्णी लावून दिली. याची परतफेड कशी करायची? काकांकडे आयुष्यात देण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे जागा. ताई सिनेमाला आल्या की बाल्कनीतली मधली खुर्ची त्यांची. आतषबाजीला आल्या की दोरीला अगदी खेटून, बरोबर मध्यभागी, हातांची आणि गादीची अशी एकच खुर्ची असे, तीही त्यांची. नियमात बसेल इतकी पुढे. तिथे दुसरं कोणी टेकलं तर काका त्याच्याकडे अशा नजरेने बघत की तो उठून घरीच जाई. "छान दिसतंय ना?" असं ते दर थोड्या वेळाने विचारत, आणि ताई म्हणत, "छान, छान."

आणि याच ताईंनी या वर्षी फोनवर सांगितलं, "मी नाही रे येत आतषबाजीला. धूर सोसत नाही."

काकांना ते झोंबलं. धूर? त्यांच्या राज्यात धूर? वारा पाठीवर असताना? म्हणजे ही सरळ सरळ त्यांच्या व्यवस्थेवर टीका होती. त्यांनी घरात बोलणं कमी केलं, जेवताना सुस्कारे वाढवले आणि भिंतीकडे बघत बसण्याचा सपाटा लावला. शेवटी काकू वैतागल्या. "अहो, असे फुगून बसलात तर तुम्हालाच कोणीतरी वात लावील. जा ना, विचारा त्यांना, खरं काय ते."

"मी कशाला विचारू? तिला यायचं नाही, नको येऊ दे."

"जाता, की मी जाऊ?"

काका गेले.

ताईंचं घर दोन खोल्यांचं. शिलाई मशीन अजून खिडकीशी होतं, पण त्यावर आवरण घातलेलं. ताईंनी चहा ठेवला. काका नेहमीप्रमाणे बसण्यापूर्वी खोलीभर नजर फिरवायला लागले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. टीव्ही होता त्याच भिंतीला होता. समोरची खुर्ची मात्र जागेवर नव्हती. ती मागे, पार मागे, दुसऱ्या भिंतीला टेकलेली, अर्धी दारात आणि अर्धी स्वयंपाकघरात. आयुष्यात काकांनी इतकी वाईट मांडलेली खुर्ची पाहिली नव्हती. त्यांनी ती उचलली आणि टीव्हीपासून योग्य अंतरावर, सतरंजीच्या कडेला, जिथे ती असायला हवी तिथे आणून ठेवली. हात झटकले.

ताई चहा घेऊन आल्या, खुर्ची होती तिथे वळल्या आणि ती तिथे नाही म्हटल्यावर गडबडल्या. कप बशीत हिंदकळला. "माझी खुर्ची कुठे गेली?"

"ही काय, समोर. तिथे दारात काय बसतेस? तिथून काय दिसतं?"

"बाळ्या, ठेव ती परत."

सत्तरीच्या माणसाला बाळ्या म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते चिडलं होतं. पण जागेचा प्रश्न आला की काका बहिणीलाही ऐकत नसत. "ताई, तुला कळत नाही. या अंतरावरून चित्र..."

"मला कळत नाही?" ताईंनी कप खाली ठेवला. ठेवण्याआधी त्यांनी मान पक्ष्यासारखी इकडे तिकडे करून टेबलाची कड शोधली, ते काकांनी पाहिलं. "इथे बसले की मला बातम्या सांगणाऱ्या बाईचं नुसतं कुंकवाएवढं कपाळ दिसतं. तिचं तोंड बघायला गेले की कपाळ जातं. तिकडे भिंतीशी बसले की अख्खी बाई दिसते. आता कळलं?"

काकांना कळलं नाही, पण ते खुर्चीवर बसले, चुकीच्या की बरोबर जागी हे न बघता. मग ताईंनी सांगितलं. काचबिंदू. बाजूंचं दिसणं हळूहळू मिटत चाललं होतं, मधला एवढासा गोल राहिला होता. तेवढ्यातलं अगदी स्वच्छ दिसे, सुईत दोरा अजून ओवता येई. त्याबाहेर काही नाही. डॉक्टर म्हणत होते, गेलं ते येत नाही, आहे ते राखू, थेंब घाला. आहे ते किती दिवस राहील, हे मात्र ते सांगत नव्हते.

"मग मागच्या वर्षी? त्याच्या मागच्या वर्षी?" काकांनी विचारलं. "तू तर छान छान म्हणालीस."

"ठिणग्या दिसल्या. भिंतीला चुना मारताना उडतो ना, तशा. इथे एक, तिथे एक. फूल कुठे उमललं, कुठे मिटलं, काही पत्ता नाही. तू इतक्या हौसेने ती खुर्ची मांडतोस. तुला काय सांगणार? पण आता खोटं म्हणवत नाही रे. पुढच्या वर्षी असेलही दिसत, नसेलही. मला एकदाच, अख्खं एक फूल बघायचं होतं. उमलण्यापासून विझेपर्यंत. ते काही तुझ्या दोरीवरून होत नाही, मग कशाला यायचं?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानाची म्हणून दिलेली जागा तिच्यासाठी सगळ्या आवारातली सर्वात वाईट जागा होती, आणि तिने ती त्यांच्यासाठी सोसली होती. त्यांनी उठून खुर्ची पुन्हा भिंतीशी नेली. अगदी होती तशी, अर्धी दारात.

घरी येऊन त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली, एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला आणि काकूंकडे पाहिलं. "तुझं फक्त नाक दिसतंय."

"बाकीचं दिसत होतं तेव्हा तरी कुठे पाहिलंत?" काकू म्हणाल्या. पण कारण ऐकल्यावर त्यांनीही सुरळी डोळ्याला लावली, आणि बराच वेळ खोलीभर बघत राहिल्या. मग पदराने डोळा पुसला, कागदाची शाई लागली म्हणाल्या.

जावईबापू ऐकून हळहळले आणि लगेच मदतीला धावले, चुकीच्या दिशेने. "बाबा, मोठी फुलं आणू! सगळ्यांत मोठी! ताईआत्यांसाठी!"

"मोठी नकोत. मोठी तर मुळीच नकोत," काका म्हणाले. "लहान आणा. आणि एकेक सोडा. एक विझल्याशिवाय दुसरं नाही. सगळी एकाच जागेवरून, एकाच उंचीला. तिला शोधत बसता येत नाही."

जावईबापूंचा चेहरा पडला. या वर्षी पाच ठिकाणांहून एकदम बार उडवायचे आणि आकाशाची दाणादाण करायची, असा त्यांचा महिनाभराचा बेत होता. अक्कलदाढ काढून द्यावी तसा त्यांनी तो काढून दिला. "पण बाबा, लहान फुलं दोरीवरून तरी मावतील का त्यांच्या नजरेत?"

"दोरीवरून नाही," काका म्हणाले. "दोरी सोडून."

आवार दोरीमागे संपतच होतं. तिथे घर होतं. म्हणून काकांनी ताईंना हाताला धरून बाहेर काढलं. जावयाच्या घरामागे पाण्याची उंच टाकी होती आणि तिला लागून मोबाईलचा मनोरा. जावईबापूंच्या अंदाजाने एक लहान फूल म्हणजे आकाराने ही टाकी आणि मनोरा, दोन्ही मिळून. भर दुपारी भाऊ-बहीण गल्लीतून उलटे, पाठीमागे पाठीमागे चालू लागले.

"काय दिसतं?"

"टाकीची शिडी."

"आणखी मागे. आता?"

"टाकी. तुझा मनोरा कुठाय?"

"आणखी मागे."

"अरे, मागे गाडी आहे कोणाची तरी!"

भाजीवाल्याच्या गाडीने काकांना पाठीमागून अडवलं. भाजीवाल्याने विचारलं, काय हरवलंय. काका म्हणाले, जागा. गल्ली वळली की टाकी घरांआड जाई, मग दुसऱ्या गल्लीतून पुन्हा प्रयत्न. ताई आधी लाजत होत्या, मग त्यांना मजा वाटायला लागली, मग त्या थकल्या. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला काकांनी वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. टाकी अख्खी, मनोरा अख्खा, मध्ये एकही घर नाही, अशी जागा एकच होती. लाँड्रीची गच्ची.

लाँड्रीवाल्या बाईंशी काकांचं जुनं वाकडं होतं. थिएटरच्या दिवसांत त्या एका रडक्या सिनेमाला दर आठवड्याला येत आणि मन लावून रडत. एकदा मागच्या रांगेतल्यांनी तक्रार केली. काकांनी जाऊन बॅटरी थेट त्यांच्या तोंडावर मारली आणि सांगितलं, "बाई, हळू रडा." अख्ख्या बाल्कनीने त्यांचं ओलं तोंड पाहिलं. तेव्हापासून काकांच्या शर्टाला त्या दुकानात कधी इस्त्री मिळाली नव्हती.

"गच्ची?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला? वर हॉटेलच्या चादरी वाळत असतात. आणि तुम्ही कशाला वर येणार? वरून बॅटरी मारायला?"

काकांनी हात जोडले. "चुकलंच माझं तेव्हा. रडणाऱ्या माणसावर उजेड मारू नये, एवढंही मला कळलं नाही." मग ताईंकडे बघून त्यांनी काय हवं आहे ते सांगितलं. बाईंनी ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या ताईंकडेच शिवण शिकल्या होत्या. ताईंनी त्यांना आवाजावरून ओळखलंच होतं, काकांचा अपमान पुरता होऊ दे म्हणून गप्प होत्या इतकंच.

"आमच्या बाईंसाठी चादरी काढते," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही."

राहिला प्रश्न दोरीचा. इतक्या वर्षांत काकांनी ती कोणाच्या हवाली केली नव्हती. वाढदिवसाच्या संध्याकाळी त्यांनी काकूंना शेवटच्या सूचना द्यायला सुरुवात केली: वारा, बादल्या, झाड, विहीणबाई. काकूंनी त्या ऐकून घेतल्या, मग पदराआडून एक शिट्टी काढली आणि अशी वाजवली की पहिल्या रांगेतले तीन जण आपोआप मागे सरकले. "जा आता," त्या म्हणाल्या. काकांना बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

अंधार पडताना ताई गच्चीवर खुर्चीत बसल्या. लाँड्रीवाल्या बाई कठड्याला टेकून उभ्या. काका सवयीप्रमाणे आतषबाजीकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले. प्रेक्षक एकच असला म्हणून काय झालं.

लांबवर काहीतरी उजळलं. ताईंनी मान हलवली, इकडे, तिकडे. मग "ठप्प" असा आवाज आला, तोवर सगळं विझलेलं. "कुठे होतं?" ताई म्हणाल्या. दुसरं फूल. त्या डावीकडे बघत होत्या, ते उजवीकडे उमललं. तिसरं. त्यांनी शोधेपर्यंत धूर उरला होता. इथून आवाज उशिरा येत होता, त्यामुळे आवाजावरून नजर वळवण्यातही अर्थ नव्हता. आणि अंधारात टाकीही दिसत नव्हती. दुपारी सगळं मापून झालं होतं आणि काका नेमकं एवढंच विसरले होते, की रात्री टाकी काळी होते.

काकांनी मागून ताईंचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि न्हाव्याने वळवावं तसं वळवलं.

"अरे मान मोडशील! सोड!"

"तिकडे बघ ना, तिकडे!"

"तिकडे म्हणजे कुठे? काळोखात तिकडे कसं कळणार?"

चौथं फूल गेलं. लहान फुलं आणा, एकेक सोडा, असं काकांनीच सांगितलं होतं, आणि अशी एकेक करून ती संपत होती. काका आता रडायच्या बेतात होते. तेवढ्यात लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "सरका बघू," आणि त्यांनी चादरी वर चढवायचा पांढरा रंग दिलेला बांबू उचलला. तो कठड्याच्या खाचेत उभा केला आणि काकांना ओरडून म्हणाल्या, "सांगा, कुठे उमलतंय? डावीकडे? आणखी?"

पाचवं उमललं. काकांनी ताईंच्या डोक्यामागे वाकून, त्यांच्या नजरेच्या रेषेत आपली नजर धरून सांगितलं, "डावीकडे. थोडं. आणखी थोडं. बस!" बाईंनी तिथे बांबू दाबून धरला. काकांनी त्याच्या टोकावर बॅटरीचा उजेड टाकला. "ताई, हे टोक दिसतं?"

"दिसतं. पांढरं."

"त्याच्यावरून नजर हलवू नकोस. काही झालं तरी हलवू नकोस."

त्यांनी बॅटरी विझवली. दूरवर काकूंची शिट्टी वाजली, विहीणबाईंसाठीच असणार.

मग बांबूच्या टोकावर एक ठिणगी चढली. वर गेली, थबकली आणि उघडली. आधी मधला सोनेरी ठिपका, मग चहूकडे पाकळ्या, पाकळ्यांच्या टोकांना हिरवा रंग, तो लांबत गेला, वाकला, खाली ओघळत ओघळत राखाडी झाला आणि मिटला. मग सवडीने आवाज आला.

काका फुलाकडे बघतच नव्हते. ते ताईंच्या तोंडाकडे बघत होते. तोंड किंचित उघडं होतं. "दिसलं?" त्यांनी विचारलं.

"गप्प बस," ताई म्हणाल्या. "मध्ये बोलू नये."

आणखी एक. आणखी एक. जावईबापू शब्दाला जागत होते. त्याच जागी, त्याच उंचीला, एक विझल्यावर दुसरं. ताई खुर्चीत मागे टेकल्या. "आधी दिसतं, मग ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "घाई नाही. म्हाताऱ्यांच्या सोयीचं आहे हे." एका निळ्या फुलाला त्यांनी हातानेच बोटं उघडून दाद दिली. पाकळ्या किती वाकल्या, कोणती आधी विझली, हे त्या मोठ्याने सांगत होत्या, काका आणि बाईंना दिसत नसल्यासारखं. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं. आपण आयुष्यभर लोकांना जागा दिल्या आणि ज्या माणसाला खरी द्यायची होती तिला विचारलंच नाही, हे त्यांना सलत होतं. आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता की कठडा घट्ट धरावा लागत होता.

"बाळ्या," ताई म्हणाल्या. नजर बांबूच्या टोकावरच.

"अं?"

"फूल उमलतं तेव्हा त्याच्या बाजूला तुला काय दिसतं?"

काकांनी वळून आकाशाकडे नीट पाहिलं. लाल फूल पूर्ण उघडलं होतं. "बाजूला? काही नाही. काळोख."

"आणि तुम्हाला हो?" ताईंनी लाँड्रीवाल्या बाईंना विचारलं.

"काळोखच की. रात्रीचं आणखी काय दिसणार?"

ताई फूल विझेपर्यंत थांबल्या, आवाज येईपर्यंतही थांबल्या.

"मलाही तेवढंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "बाळ्या, मला आज सगळ्यांएवढं दिसतंय."

काकांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढची ठिणगी वर चढायला लागली.